फोटोची कड नीट विरत नाही? ग्रेडियंटला दोष देण्याआधी मास्क उघडून बघा

लग्नाच्या अल्बमच्या शीटवर नवरा-नवरीचा मोठा फोटो उजवीकडे विरत जाऊन मंडपाच्या फोटोत मिसळायला हवा असतो. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर भाऊंचा फोटो छातीखाली पार्श्वभूमीत उतरायला हवा असतो, नाहीतर कात्रीनं कापून चिकटवल्यासारखा दिसतो. दोन्हीकडे काम एकच: फोटो एका टोकाला पूर्ण दिसावा, दुसऱ्या टोकाला अजिबात दिसू नये आणि मधला उतार सलग असावा. तक्रारीही ठरलेल्या. ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात सलग जाणारा उतार, ओढला आणि फोटोवर काळा पट्टा आला. फोटो विरला, पण पांढरट झाला. एक बाजू केली की दुसरी परत येते. दोन फोटो जुळतात तिथे फिकट पट्टा दिसतो. माझ्याकडे पीएनजी (पारदर्शकता राखणारी फाइल) बरोबर होतं, समोरच्याला काळं दिसतंय.

अशा वेळी बहुतेक जण ग्रेडियंटच्या सेटिंगशी खेळत बसतात. ग्रेडियंट टूल सहसा बरोबरच चालत असतं. बघायचं असतं ते ग्रेडियंट नेमका कुठे पडला: फोटोवर, मास्कवर (लेयरचा, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या थरांपैकी एकाचा, कुठला भाग दिसावा ते ठरवणारं काळं-पांढरं चित्र), की कुठल्यातरी विसरलेल्या सिलेक्शनच्या (निवडलेल्या भागाच्या) आत. ते ठीक असेल तर फाइल कुठल्या स्वरूपात बाहेर गेली ते बघायचं. म्हणून पहिली पायरी नेहमी एकच, मास्क उघडून डोळ्यांनी बघणं.

मास्क उघडायचा कसा

फोटोशॉपमध्ये ऑल्ट दाबून मास्कच्या छोट्या चित्रावर क्लिक करा. फोटो जाऊन नुसता काळा-पांढरा मास्क पडद्यावर येतो. शिफ्ट दाबून क्लिक केलं की मास्क तात्पुरता बंद होतो आणि त्यावर लाल फुली दिसते. गिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्येही ऑल्ट-क्लिकनं मास्क दिसतो आणि त्याच्याभोवती हिरवी चौकट येते. कंट्रोल-क्लिकनं तो बंद होतो, तेव्हा चौकट लाल असते. काही लिनक्स डेस्कटॉपवर ऑल्ट-क्लिक विंडो हलवण्यासाठी अडकलेलं असतं, तिथे लेयर मेनूतल्या मास्कच्या यादीतून हेच करता येतं.

मास्कचा हिशेब सोपा आहे. पांढरं म्हणजे फोटो दिसतो, काळं म्हणजे लपतो, करडं म्हणजे तेवढ्या प्रमाणात दिसतो. आठ बिटच्या फाइलमध्ये ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या मिळतात. चांगल्या मास्कचं एक टोक शुद्ध पांढरं, दुसरं शुद्ध काळं आणि मधे करडा उतार असतो. तो तसा दिसत असेल तर मास्कचा नाद सोडा आणि थेट जुळणी, पट्ट्या, फाइल व छपाईच्या भागांकडे जा. मास्क कोरा पांढरा असेल तर तुमचा ग्रेडियंट फोटोवर किंवा विसरलेल्या सिलेक्शनच्या आत पडलाय. काळं टोक खरं काळं नसून गडद करडं असेल तर फोटोची पुसट सावली शेवटपर्यंत राहणार, आणि फोटोची कड संपते तिथे सरळ रेघ दिसणार. ही रेघ पडद्यावर लक्षात येत नाही, छापल्यावर दिसते. मास्कवर लेव्हल्स (उजेड-अंधार जुळवण्याचं साधन) लावून काळा त्रिकोण थोडा आत ओढला की ती जाते.

फोटोवर काळा पट्टा येतो, किंवा फोटो पांढरट होतो

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. लेयरला मास्क जोडलेला असतो, पण ग्रेडियंट ओढताना निवडलेला असतो फोटो. लेयर पॅनलमध्ये दोन चित्रं शेजारी-शेजारी असतात आणि ज्याच्याभोवती चौकट तेच सक्रिय, पण ती चौकट इतकी बारीक की नजरेतून सुटते. फोटोशॉपमध्ये दोन पक्क्या खुणा आहेत. मास्क निवडलेला असेल तर फाइलच्या टॅबवर लेयरच्या नावापुढे लेयर मास्क असं लिहून येतं. शिवाय टूलबारमधले दोन्ही रंग काळे, पांढरे किंवा करडेच दिसतात. तिथे लाल-निळा रंग दिसत असेल तर तुम्ही मास्कवर नाही. मास्कवर गेल्यावर डी दाबा, मूळ काळा-पांढरा येतो. उलटा हवा असेल तर एक्स. गिम्पमध्येही याच दोन कळा चालतात, पण तिथे मास्क निवडल्यावर रंग आपोआप करडे होत नाहीत, तेव्हा चौकटीकडेच बघावं लागतं.

२०२३ च्या मध्यापासून फोटोशॉपचं ग्रेडियंट टूल बदललं. नव्या पद्धतीत फोटोच्या लेयरवर ग्रेडियंट ओढला की तो एक वेगळा ग्रेडियंट लेयर तयार करतो. जुन्या सवयीनं काम करणाऱ्याला वाटतं, आपण काही केलंच नाही आणि हा लेयर कुठून उगवला. वरच्या पट्टीत क्लासिक ग्रेडियंट निवडलं की जुनी वागणूक परत मिळते.

पांढरट होण्याचं कारण थोडं वेगळं. पुष्कळ जण मास्क न लावता फोटोवरच पांढऱ्याकडून पारदर्शकतेकडे जाणारा ग्रेडियंट मारतात. पान पांढरं असेपर्यंत हे इतकं छान दिसतं की शंकाही येत नाही. मग गिऱ्हाईक म्हणतं, मागचा रंग भगवा करा, आणि फोटोभोवती दुधाळ धूर उभा राहतो. कारण फोटो पारदर्शक झालेलाच नसतो, त्यावर पांढरा रंग चढवलेला असतो. यावर मलमपट्टी नाही. मूळ फोटो परत आणून मास्क लावायचा.

खोडरबर मोठ्या मऊ ब्रशनं फिरवला तर तो खरोखर पारदर्शक करतो, पण पुसलेलं परत येत नाही. घाईच्या फ्लेक्सला चालेल, अल्बमला नको. आणि गिम्पमध्ये खोडरबरखाली पारदर्शकता दाखवणाऱ्या चौकटींऐवजी रंगच येत असेल तर त्या लेयरला अल्फा चॅनल, म्हणजे पारदर्शकता साठवणारा भाग, नाही. अशा लेयरचं नाव पॅनलमध्ये ठळक अक्षरात दिसतं. लेयर मेनूत ट्रान्सपरन्सीखाली अल्फा चॅनल जोडा.

ग्रेडियंट ओढतो, काहीच होत नाही

हे झटपट उरकू. सिलेक्शन चालू आहे का बघा. पडद्याबाहेर कुठेतरी चार पिक्सेलचं सिलेक्शन राहिलेलं असतं आणि ग्रेडियंट तेवढ्यातच पडतो. फोटोशॉपमध्ये कंट्रोल-डी, गिम्पमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ए. टूलची ऑपॅसिटी (अपारदर्शकता) १०० आहे का, मोड नॉर्मल आहे का बघा. फाइल जीआयएफमधून आली असेल तर ती इंडेक्स्ड (मोजक्या रंगांच्या) मोडमध्ये असणार, आणि त्या मोडमध्ये अर्धवट पारदर्शकता मुळातच नाही. आधी आरजीबी (लाल-हिरवा-निळा) करा. ग्रेडियंट सरळ ओढायचा असेल तर फोटोशॉपमध्ये शिफ्ट आणि गिम्पमध्ये कंट्रोल धरा.

एक बाजू केली की दुसरी परत येते

खालची कड विरवली, मग डावी करायला गेलो, तर खालची पुन्हा ठणठणीत. कारण ग्रेडियंटचा प्रकार काळ्याकडून पांढऱ्याकडे जाणारा आहे. तो दर वेळी सगळा मास्क नव्यानं रंगवतो, त्यात आधीचं काम पुसलं जातं. यादीतून काळ्याकडून पारदर्शकतेकडे जाणारा प्रकार निवडा. मग प्रत्येक ओढणी आधीच्या मास्कवर भर घालते. सुरुवात फोटोच्या बाहेरच्या कडेवरून करून आत ओढायचं, थोडं-थोडं, हव्या तितक्या वेळा. फोटोशॉपमध्ये वरच्या पट्टीत ट्रान्सपरन्सीची खूण लावलेली हवी, नाहीतर हाच प्रकार सगळा मास्क काळा करून टाकतो आणि फोटो गायब होतो.

चेहऱ्याजवळ मात्र सरळ ग्रेडियंटवर विसंबू नये. कान अर्धा दिसतो, फेट्याचा तुरा भुतासारखा. तिथे मऊ ब्रश, १५-२० टक्के ऑपॅसिटी आणि मास्कवर पांढऱ्या रंगानं तेवढा भाग परत आणायचा.

दोन फोटो जुळतात तिथे फिकट पट्टा

अल्बमवाल्यांना हा प्रकार सतत भेटतो आणि याचं कारण मास्क कितीही वेळा तपासला तरी सापडत नाही, कारण दोन्ही मास्क स्वतंत्रपणे अगदी बरोबर असतात. डावा फोटो उजवीकडे विरतो, उजवा डावीकडे विरतो, दोघांच्या मधला भाग एकमेकांवर बसवलेला. तर्क असा की एक ५० टक्के आणि दुसरा ५० टक्के, मिळून १००. पण पारदर्शकता अशी बेरजेनं चालत नाही.

लेयर एकावर एक ठेवण्याचं हे गणित थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली मांडलं, आणि आजची सगळी सॉफ्टवेअर मूलतः तेच वापरतात. वरचा लेयर ५० टक्के असेल तर खालच्या सगळ्या गोष्टींना मिळून उरतात ५० टक्के. त्यातले अर्धे दुसरा फोटो घेतो, म्हणजे २५. उरलेले २५ टक्के पानाचा मूळ रंग. पान पांढरं असेल तर बरोबर मधोमध पांढरट पट्टा, काळं असेल तर काळपट. मधापासून दूर जाल तसा तो कमी होतो: वरचा ७५ आणि खालचा २५ टक्के असेल तिथे पान सुमारे १९ टक्के डोकावतं. विरळ विणीचे दोन पडदे एकावर एक सोडले तरी उजेड येतो, तसंच हे.

उपाय सेटिंगचा नाही, रचनेचा आहे. खालच्या फोटोचा मास्क काढून टाका. तो जुळणीच्या जागेपलीकडेपर्यंत पूर्ण, शंभर टक्के असू द्या, आणि विरवा फक्त वरचा. मग वरचा ५० टक्के असेल तिथे उरलेले ५० टक्के खालचा फोटो घेतो आणि पानाला वाटाच मिळत नाही.

अडचण येते ती खालच्या फोटोची बाहेरची कडही पानात विरवायची असते तेव्हा. त्यासाठी दोन्ही फोटो एका ग्रुपमध्ये घाला आणि बाहेरच्या कडांचा मास्क ग्रुपला लावा. ग्रुपच्या आत फक्त वरच्या फोटोचा एकच मास्क. खालचा फोटो रुंदीनं अपुरा असेल आणि जुळणीच्या जागेपर्यंत पोचतच नसेल तर मात्र गणित काहीही म्हणो, तो फोटो मोठा करा किंवा दुसरा निवडा.

उतारावर पट्ट्या दिसतात

आभाळ किंवा रंगवलेली भिंत पानात विरवली की सलग उताराऐवजी पायऱ्या दिसतात. आधी १०० टक्के झूमवर बघा. लांबून दिसणाऱ्या काही पट्ट्या पडद्याच्या असतात, फाइलच्या नसतात. १०० टक्क्यांवरही दिसल्या तर हिशेब करून बघा.

अल्बमची नेहमीची शीट १२ बाय ३६ इंच. ३०० डीपीआयला तिची रुंदी १०,८०० पिक्सेल. समजा अर्ध्या रुंदीत, म्हणजे ५,४०० पिक्सेलमध्ये, फिकट आभाळ पांढऱ्या पानात विरवायचं आहे. मास्कच्या पायऱ्या २५६ असल्या तरी त्या फिकट निळ्यात आणि पांढऱ्यात अंतरच समजा ४० पायऱ्यांचं आहे. मग ५,४०० भागिले ४०, एक पट्टी १३५ पिक्सेल रुंद. कागदावर सुमारे ११ मिलिमीटर. ती दिसणारच. म्हणून गडद, गजबजलेला फोटो विनासायास विरतो आणि साधं आभाळ छळतं. फोटोतली बारीक खरखर पट्ट्या झाकते, आभाळात ती नसते. मोबाइलमध्ये गुळगुळीत करून आलेल्या फोटोंना हा त्रास जास्त.

उपायही यातूनच निघतो. उतार आखूड करा. ग्रेडियंट टूलमध्ये डिथर असा पर्याय फोटोशॉप आणि गिम्प दोन्हीकडे आहे, तो चालू ठेवा. पायरीच्या सीमेवर तो पिक्सेल थोडे विखुरतो. तेवढ्यानं भागलं नाही तर सगळं जोडून झाल्यावर वर एक ते दोन टक्के एकरंगी नॉइज टाका. गिऱ्हाइकाला सांगू नका की तुम्ही फोटोत खरखर घातलीत; छापल्यावर ती दिसत नाही. १६ बिटमध्ये काम केलं तर मधल्या टप्प्यांत मदत होते, पण लॅबला शेवटी आठ बिटचं जेपीईजीच जाणार असेल तर नॉइज लागतोच. आणि ते जेपीईजी वरच्या दर्जाचं ठेवा, कारण जास्त दाबलेल्या जेपीईजीत आधी हीच बारीक खरखर जाते आणि पट्ट्या परत येतात.

पट्ट्या नाहीत, पण फोटो जिथून विरायला लागतो बरोबर तिथे एक रेघ भासते, अशीही तक्रार असते. पिक्सेल मोजले तर तिथे काही नसतं. ही रेघ डोळा तयार करतो. सपाट भाग अचानक उताराला लागला की डोळ्याला त्या वळणावर उजळ किंवा गडद पट्टा दिसतो. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञानं १८६५ साली हे नोंदवलं, म्हणून त्याला माख पट्टा म्हणतात. मास्कवर मोठ्या त्रिज्येचा गॉसियन ब्लर मारला की उताराची दोन्ही टोकं गोलावतात आणि रेघ जाते. फक्त ब्लरनंतर मास्क पुन्हा उघडून बघा. काळं टोक फोटोच्या कडेवर करडं झालेलं असू शकतं, आणि मग वर सांगितलेली सरळ रेघ.

फोटोशॉपमध्ये वेगळं, गिम्पमध्ये वेगळं

एकाच मास्कचा मधला भाग गिम्पमध्ये जास्त उजळ वाटतो. चूक तुमची नाही. २.१० या २०१८ च्या आवृत्तीपासून गिम्प नेहमीच्या नॉर्मल मोडमध्ये प्रकाशाच्या खऱ्या प्रमाणात मिश्रण करतो, फोटोशॉप मात्र सहसा फाइलमधल्या आकड्यांचंच मिश्रण करतो. काळ्या लेयरवर पांढरा लेयर ५० टक्के ठेवून बघा: फोटोशॉपमध्ये रंग सुमारे १२८ येतो, गिम्पमध्ये १८८. गिम्पमध्ये लेयरवर राइट क्लिक करून कंपोझिट स्पेस पर्सेप्च्युअल केली की दोन्ही जवळ येतात. खरं सांगायचं तर दिव्यांच्या रोषणाईच्या फोटोंना गिम्पची पद्धत जास्त शोभते, पण फाइल दोन ठिकाणी उघडली जाणार असेल तर दोन्हीकडे सारखं दिसणं महत्त्वाचं.

माझ्याकडे बरोबर, त्यांच्याकडे काळं

जेपीईजीमध्ये पारदर्शकता साठवायची सोयच नाही. जीआयएफमध्ये एक पिक्सेल एकतर पूर्ण पारदर्शक किंवा पूर्ण भरलेला, मधलं काही नाही, त्यामुळे विरणारी कड करवतीसारखी दातेरी होते. फोटोशॉपच्या सेव्ह फॉर वेबमध्ये पीएनजी-८ निवडलं तरी हेच. पीएनजी-२४ निवडा आणि ट्रान्सपरन्सीची खूण लावा. वेबसाइटसाठी वेबपीही चालतं आणि फाइल हलकी होते.

व्हॉट्सअ‍ॅपवर पीएनजी फोटो म्हणून पाठवलं की ते दाबून जेपीईजी होतं आणि पारदर्शक भाग काळा किंवा पांढरा भरला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. 'पीएनजी खराब आहे' म्हणून आलेल्या फाइलींपैकी कितीतरी फाइली व्हॉट्सअ‍ॅपनं अशा भरलेल्या असतात.

याच्या उलटही होतं. इंटरनेटवरून उतरवलेल्या 'पारदर्शक' तुऱ्याच्या किंवा फुलांच्या चित्रामागे करड्या-पांढऱ्या चौकटी दिसतात, पण त्या चित्रातच छापलेल्या असतात. लेयर थोडा हलवून बघा. चौकटी चित्राबरोबर सरकल्या तर त्या खोट्या.

छपाईला गेल्यावर फोटोभोवती चौकोन

पडद्यावर सुरेख, प्रूफवर विरलेल्या फोटोभोवती पुसट चौकोन. कोरलड्रॉमध्ये ट्रान्सपरन्सी टूलनं विरवलेल्या फोटोंबाबत हे जास्त घडतं, विशेषतः फोटो आरजीबी आणि मागचा रंग सीएमवायके (छपाईच्या चार शायांची पद्धत) असेल तेव्हा. पीडीएफ बनवताना पारदर्शक भाग तुकडे करून सपाट केला जातो आणि तुकड्याचा रंग शेजारच्या रंगाशी जुळत नाही. पीडीएफ-एक्स-१ए या छपाईच्या प्रकारात जिवंत पारदर्शकता चालतच नाही, त्यामुळे तिथे हे सपाट करणं अटळ. पीडीएफ-एक्स-४ मध्ये ती चालते, पण प्रेसला झेपते का ते आधी विचारा. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे फोटो आणि मागचा रंग दोन्ही एकाच रंगपद्धतीत आणून, दोन्ही मिळून एकच बिटमॅप (पिक्सेलचं सपाट चित्र) करणं. फ्लेक्ससाठी तर सरळ फोटोशॉपमध्ये कॉपी सपाट करून टिफ पाठवावं.

ऑफसेटवर आणखी एक गोष्ट घडते. उताराच्या फिकट टोकाला शाईचे ठिपके दोन-तीन टक्क्यांच्या खाली गेले की ते कागदावर टिकत नाहीत. उतार हळूच शून्यावर न जाता मधेच संपतो आणि तिथे कड दिसते. न्यूजप्रिंटवरच्या निमंत्रणात, स्मरणिकेत हे हमखास. अशा कामात फोटो पूर्ण पांढऱ्यात विरवूच नका. मागे पाच-सहा टक्क्यांचा फिकट रंग टाका आणि त्यात विरवा, म्हणजे ठिपके शेवटपर्यंत राहतात.